काट्याची वायर आणि संध्याकाळचं दूध

नव्या कंप्युटरचं झाकण उघडलं तेव्हा आतून कसलाच वास आला नाही. मी वाकून, नाक लावून बघितलं. सून म्हणाली, "आत्या, हुंगताय काय, भाजी हाय का ती?" आता तिला काय सांगावं. जुन्या कंप्युटरचं झाकण याच खोलीत, याच टेबलावर उघडलं होतं, तेव्हा त्यातनं आमचं सगळं दूध केंद्र बाहेर आलं होतं. धूळ होती, ती तर असणारच. पण शेजारच्या गिरणीचं पीठ होतं, सरकीच्या पेंडीचा भुगा होता, पालीची दोन अंडी होती, आणि या सगळ्याला मिळून एक आंबूस-गोडसर वास होता, दुधाचा. त्या कंप्युटरवर दूध एकदाही सांडलं नव्हतं, हे मी शपथेवर सांगते. हवेतनंच जात असणार आत, रोज थोडं थोडं, इतकी वर्षं.

आधी नीट सांगते, नाहीतर माझी गाडी कुठंही जाते. आमचं गाव नांदूरघाटच्या अलीकडं. गावातल्या बायांचं दूध गोळा करायचं केंद्र मी चालवते, आमच्याच घराच्या पुढच्या पत्र्याच्या खोलीत. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा. बाई आली की तिचं दूध काट्यावर ठेवायचं, त्यातलं जराबर फॅटच्या मशीनला पाजायचं, आणि वजनाचा अन् फॅटचा असे दोन आकडे दोन वायरींतून कंप्युटरमध्ये जातात. तिथनं तालुक्याच्या डेअरीला. हातानं लिहिलेलं डेअरी आता घेत नाही. जुना कंप्युटर श्रावणात बंद पडला. नवा आला तो चकचकीत, कपाटातल्या चांदीच्या करंड्यासारखा, पण त्याच्या पाठीला आमच्या वायरी लावायला जागाच नव्हती. जुन्याला मागं नऊ-नऊ टाचण्यांची दोन तोंडं होती. नव्याला बारकी चपटी छिद्रं, मोबाइलच्या चार्जरला असतात तसली. काटा जुना, मशीन जुनी, वायर जुनी, आणि मधल्यामधी हे. जोडायची एक छोटी वायर आणून बघितली, तर ती लाइट लवली, नुसती गेली-आली, की सगळं विसरायची. आमच्याकडं लाइट दिवसातनं किती वेळा लवते ते विचारू नका.

पंधरा दिवस डेअरीनं हातचं लिहिलेलं चालवून घेतलं. मग त्यांचा सुपरवायझर आला. माणूस वाईट नाही, चहा पिऊन, बशी स्वतः धुऊन ठेवणारा. पण त्यानं सांगायचं ते सांगितलंच. "जिजी, उद्या संध्याकाळचे आकडे वायरीतून आले तर केंद्र इथं ऱ्हाईल. न्हाई तर तुमच्या बायांला दूध नांदूरघाटला घालावं लागंल. माझ्या हातात न्हाई आता."

नांदूरघाट काही लांब नाही. ज्याच्या दारात मोटारसायकल आहे त्याला तर नाहीच. पण माझ्याकडं दूध घालणाऱ्या बहुतेक बाया पायी येणाऱ्या. आणि त्यात गयामाय. गयामायचं वय तिलाही ठाऊक नाही. एक म्हैस, एक चेपलेली किटली, गुडघ्यात वात. ती माझ्या दारापर्यंत येते तीच मधी दोनदा टेकून. तिला नांदूरघाट म्हणजे काशीच की. तिचं दूध बंद म्हणजे म्हैस जाणार, आणि म्हैस गेली की तिनं सकाळी उठायचं कशासाठी? हे मी सुपरवायझरला बोलले नाही. बोलून काय, त्याच्या हातात नव्हतंच.

तर केजला एक कंप्युटरचं दुकान आहे, रहीमभाईचं. त्यांनी सुनेला, वैशालीला, फोनवर सांगितलं की आत बसवायचं एक कार्ड येतं, सिरियल कार्ड म्हणतात, त्याला तीच नऊ टाचण्यांची दोन तोंडं असतात. ते स्वतः येणार होते, पण त्यांच्या घरात लग्न निघालं. मग त्यांनी कार्ड काळीपिवळी जीपमधून पाठवलं आणि म्हणाले, वैशाली, तूच बसव, मी फोनवर आहे, चार पेच काढायचे अन् चार लावायचे. वैशालीनं लग्नाच्या आधी कंप्युटरचा कोर्स केलेला. कोर्समध्ये झाकण काही उघडायला शिकवत नाहीत, पण पोरगी धीराची.

कार्ड आलं सकाळचं दूध उरकल्यावर. वैशाली म्हशींना वैरण टाकायला गेलेली. मी ती चंदेरी पिशवी हातात घेतली. पोळा होऊन दोन-तीन दिवस झालेले, महालक्ष्म्या तोंडावर आलेल्या, घरात हळदीकुंकवाच्या वाट्या भरलेल्या. आमच्या केंद्रात नवी वस्तू अशी कोरडी कधी आली नाही. पहिला काटा आला तेव्हा नारळ फोडला होता. फॅटची मशीन आली तेव्हा तिला झेंडूचा हार घातला होता आणि बायांनी गूळखोबरं वाटलं होतं. हे कार्ड तर बोटभर लांब, नाजूक, हिरवंगार, आणि खालच्या कडेला सोन्यासारखे पिवळे बारीक दात. मला तर ती लक्ष्मीच वाटली. पिशवीतनं काढून पाटावर ठेवली, हात जोडले, आणि पुन्हा पिशवीत घालून टेबलावर ठेवून दिली.

मग दुपारी आम्ही दोघी बसलो. वैशालीनं प्लग काढला, तरी बटन दाबून धरलं, आत राहिलेली वीज जावी म्हणून. मला म्हणाली, लोखंडाला हात लावा आत्या, अंगातली वीज उतरू द्या. माझ्या अंगात कुठली आली वीज, पण लावला. ती एकेक पेच काढून माझ्या हातातल्या वाटीत टाकत होती आणि वाटीत त्यांचा टिणटिण आवाज होत होता, आणि मी तिथं नव्हतेच.

मी होते त्या आधीच्या दिवसांत, जेव्हा या टेबलावर कंप्युटर नव्हता, तेजाबाची बाटली होती. जाड काचेची, काचेचंच बूच, खाली वाळूची परात. तेव्हा फॅट हातानं काढायची. काचेची एक नळी असायची, पोटात जाड आणि मानेत बारीक, मानेवर रेघा. आधी तेजाब, मग त्यावर कडेकडेनं दूध, मग दुसऱ्या बाटलीतलं ते उग्र वासाचं औषध, आणि वरनं रबरी बूच. बूच लावलं की नळी अशी तापायची, की फडक्यात धरूनच हलवावी लागे. पांढरं दूध डोळ्यांदेखत काळं-तांबडं व्हायचं. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला रडू आलं होतं. म्हणलं, एवढं चांगलं दूध, काय केलं आपण त्याचं. मग नळ्या फिरकीत घालायच्या आणि हातानं फिरकी फिरवायची, घूंऽऽ असा आवाज, गिरणीच्या फटफटीत मिसळून गेलेला. थांबली की नळी उजेडाकडं धरायची. खाली सगळा काळोख आणि वर मानेत, रेघांमध्ये, पिवळं स्वच्छ तूप. तेवढं बघायला बाया मान वर करकरून उभ्या राहायच्या. आपापल्या म्हशीचं तूप ओळखायच्या म्हणे. "ही माझी, ही माझी," असं चालायचं.

माझ्या त्या काळच्या प्रत्येक लुगड्याला तेजाबाची भोकं होती. आमचे हे म्हणायचे, तुझ्या पदराची चाळणी झाली, पीठ चाळायला दे.

सासूबाईंना हे केंद्र काही केल्या रुचलं नव्हतं. दूध विकू नये आणि पूत विकू नये, अशा त्या पिढीच्या. त्यांनी एकच अट घातली. बाई दूध घेऊन येईल तर तिचं भांडं तुझ्या दारातनं रितं जाऊ द्यायचं नाही. म्हणून वजन झालं की आमच्या म्हशीच्या दुधातलं ओंजळभर मी जिच्या तिच्या रिकाम्या किटलीत घालायची. पुढं सासूबाई गेल्या, हात मात्र तसाच राहिला. काटा वायरीला जोडला तेव्हा डेअरीचा माणूस बघत राहिला होता. म्हणाला, हे कुठं लिहायचं? मी म्हणलं, हे लिहायचं नसतंय.

दूध सगळ्या ऋतूंत सारखं नसतं हे शहरातल्या माणसाला सांगून पटत नाही. पावसाळ्यात हिरवा चारा खाऊन दूध पातळ यायचं, बायांची तोंडं उतरायची, आणि खोलीभर ओल्या पोत्यांचा, चिखलाच्या पायांचा वास. उन्हाळ्यात दूध नासायची धास्ती. कॅनांवर गोणपाटं ओली करून टाकायची, टेम्पोच्या वाटेला डोळे लावायचे, आणि रस्त्यावर धूळ उठली की सगळ्या बाया एकदम हुश्श करायच्या. पण मला आवडायचा तो हिवाळा. अंधार असतानाच किटल्यांचे आवाज सुरू व्हायचे, एकेक गल्लीतनं. कान टोचेल अशी थंडी. कुणाच्या डोक्याला टॉवेल, कुणाच्या अंगावर नवऱ्याचा स्वेटर. झाकण काढलं की दुधातनं वाफ निघायची आणि तिच्याबरोबर गोठ्याचा, कडब्याचा, म्हशीच्या अंगाचा उबदार वास. बाया त्या वाफेवर हात शेकून घ्यायच्या. मी रागवायची, दुधात हात घालाल. त्या हसायच्या आणि पुन्हा शेकायच्या.

आणि हिवाळ्यातच गाव रिकामं व्हायचं. दिवाळी झाली की टोळ्या निघायच्या ऊसतोडीला, ट्रकमध्ये भांडीकुंडी, लेकरं, कुत्री, कधी म्हैससुद्धा. रात्रीतनं गल्ल्या मुक्या. दारांना कुलपं आणि उंबऱ्यावर बसलेली म्हातारी माणसं. एका साली तर असं झालं की माझ्याकडं दोघींचंच दूध यायचं. एक आमचंच आणि दुसरं गयामायचं. टेम्पोवाला म्हणाला, एवढ्यासाठी मी आत वळायचं का? तरी रोज वळला, फाल्गुनापर्यंत. गयामाय यायची, किटली ठेवायची, आणि मग आम्ही दोघी पायरीवर तिच्या लेकाच्या टोळीची कुठं काय बातमी लागली ते बोलत बसायचो. म्हणजे ती बसायची, मी काट्यामागं उभी. तेव्हा दूध कमी होतं की जास्त, याचं मला आज काही आठवत नाही. पायरीवरचं ऊन मात्र आठवतं, कुठवर आलं की ती उठायची ते.

"आत्या. आत्या, पेच द्या की."

मी वाटी पुढं केली. वैशालीनं मागची पत्र्याची पट्टी काढून तिथं कार्ड दाबून बसवलं होतं. पेच लावला, वायरी लावल्या, प्लग घातला. कंप्युटर सुरू झाला, निळा उजेड पडला. वैशाली बघत राहिली. मग म्हणाली, "दोन पोर्ट, म्हंजे ती दोन तोंडं, हितं दिसायला पायजेत. एक बी दिसंना."

पुन्हा बंद केला. पुन्हा पेच. कार्ड काढून शेजारच्या खाचेत बसवलं. पुन्हा सुरू. पुन्हा तेच. भिंतीवरचं घड्याळ तीन म्हणत होतं. पाचला बाया येणार. वैशालीनं मागच्या वायरी पुन्हा दाबून बघितल्या. तिचे कान लाल झाले होते. मी म्हणलं, पाणी पी. ती म्हणाली, नको. बाहेर गिरणी बंद पडली आणि एकदम सगळीकडं शांत झालं, तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं की उद्यापासून ही खोली अशीच असेल. या वेळेला, रोज.

शेवटी तिनं रहीमभाईला फोन लावला. तिकडं लग्नाचा गोंधळ, बँडबाजा, मधेच कुणी बिर्याणीला बोलावतंय. त्यांनी सगळं विचारून घेतलं. मग म्हणाले, कार्ड काढ अन् दोन्ही बाजूंनी फोटो पाठव. तिनं पाठवला. मग रहीमभाई हसले ते थांबेनात.

"जिजी हायत का तिथं? जिजी, ह्याचं लगीन कवा लावलं? आमाला बलवलं बी न्हाई."

इतका वेळ घाईत नीट बघितलंच नव्हतं ते कार्ड वैशालीनं आता खिडकीच्या उजेडात धरलं. त्या सोनेरी दातांवर, सगळ्यांवर, हळदीचं बोट फिरलेलं आणि मधोमध कुंकवाचं. ओल्या बोटानं लावलेलं, वाळून घट्ट बसलेलं. तिनं कार्डाकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"आत्या," ती म्हणाली, "लावायचंच व्हतं तर डब्याला लावायचं. दातांना काऊन लावलं?"

मी म्हणलं, मला ते पाय वाटले. पायालाच लावतात की.

यावर ती खालीच बसली, फरशीवर, आणि पदरात तोंड घालून हसली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. पन्नास बायांचं दूध मी माझ्याच बोटानं अडवून ठेवलं होतं, आणि ते दोन तास मी मनातल्या मनात कार्डाला, दुकानाला, सुपरवायझरला, सगळ्यांना नावं ठेवत बसले होते.

रहीमभाईंनी इलाज सांगितला तो इतका साधा, की मला आधी खरा वाटेना. खोडरबर. पाणी नको, ओलं फडकं नको, खोडरबरानं एका दिशेनं हळूहळू घासायचं आणि कोरड्या कापडानं पुसायचं. खोडरबराला आमच्या घरात काय तोटा. हातानं लिहायच्या दिवसांतले माझ्या खणात चार पडलेत, काळवंडलेले. त्यातला मऊ बघून मी घासायला बसले. दातादातातनं पिवळं निघत होतं, खोडरबराला लागत होतं. कोपर टेबलाला टेकवलं. लेकराचं पहिलं नख काढताना धरतो तसं ते कार्ड कडेनं धरलं होतं. वैशाली हसून हसून मोकळी झाली होती. म्हणाली, आता तुमीच बसवा. मी न्हाई बसवत.

मी बसवलं. आणि गंमत सांगते, मला ते अवघड गेलं नाही. फॅटच्या नळीला रबरी बूच लावताना असंच असायचं. तिरपं दाबलं की नळी फुटणार, जोर केला की तेजाब अंगावर. दोन्ही अंगठे सारखे ठेवायचे आणि श्वास सोडत सरळ खाली जायचं. तसंच गेले. आत कुठंतरी टक् झालं, बारीक. वैशालीनं पेच लावला, प्लग घातला, आणि या खेपेला मी पडद्याकडं बघितलंच नाही, तिच्या तोंडाकडं बघितलं. तिच्या तोंडावरच दिसलं. दोन्ही पोर्ट आले होते.

मग ती खटाखटा काहीतरी दाबत गेली. काट्याला एक पोर्ट, मशीनला दुसरा. मी काट्यावर पाण्याचा तांब्या ठेवला तर तांब्याचं वजन पडद्यावर जाऊन बसलं. मी दोनदा उचलून दोनदा ठेवला. वैशाली म्हणाली, पुरे आत्या, तांब्याचं दूध जाईल डेअरीला.

पाच वाजले. ऊन पिवळं पडलं. पहिली किटली गयामायची वाजली, तिच्या झाकणाचा आवाज मला गल्लीच्या टोकापासून ओळखू येतो. ती आली, टेकली, किटली काट्यावर ठेवली आणि नेहमीसारखं विचारलं, "किती आलं गं?" वैशालीनं आकडा सांगितला. "बरं हाय," गयामाय म्हणाली. तिच्यामागं बाकीच्या आल्या. कुणाला काही कळलं नव्हतं. दुपारी इथं काय झालं, पंधरा दिवस काय चाललं होतं, उद्या कुठं जावं लागणार होतं, कुणालाच नाही. एकीनं कंप्युटरच्या पेटीकडं बघून विचारलं, झाकणाला बोटं कुणाची उमटली गं पिवळी? वैशाली नुसती माझ्याकडं बघून गालात हसली. तेवढ्यात सुपरवायझरचा फोन आला. आकडे पोचले, म्हणाला, आणि वर, बरं झालं जिजी, म्हणाला.

दूध सरत आलं होतं. बाया पायरीवर बसल्या होत्या, कुणाची म्हैस कधी विणार आणि महालक्ष्म्यांना कुणाच्या घरी किती भाज्या होणार, हे चाललं होतं. काट्याशी वैशाली होती. आकडे आपले आपण जात होते, कुणी काही लिहीत नव्हतं, आणि मी तिच्या शेजारी उगीच उभी होते, हात रिकामे. ती म्हणाली, "आत्या, तुमी काऊन हुब्या? मी हाय न इथं. जा की बाहेर."

गयामायनं सरकून जागा केली. पायरी दिवसभराच्या उन्हानं कोमट होती. इतकी वर्षं मी ती रोज झाडली, पाण्यानं धुतली, आणि बसायला मात्र आज पहिल्यांदा बसले. "पाय लांब कर," गयामाय म्हणाली, "दुखतेत न्हवं?" मी केले.